मुक्या प्राण्यांस भाषा कळते काय?

आपल्या कुत्र्यास मराठी समजते, असें पुष्कळ घरांतून अभिमानानें सांगण्यांत येतें. आम्हींही तें सांगितलें आहे. परंतु हा अभिमान एका प्रामाणिक शिक्षकास कसा भोंवला, तें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

बर्लिन येथील विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणितशिक्षकांनीं हान्स नांवाच्या घोड्यास मोठ्या चिकाटीनें शिकविलें. जर्मन भाषेंत प्रश्न विचारला कीं हान्स खुराचे ठोके देऊन बिनचूक उत्तर देई. १९०४ सालीं तज्ज्ञांच्या समितीसही त्यांत लबाडी आढळली नाहीं. पुढें ऑस्कर फुंग्स्ट यांनीं १९०७ सालीं दाखवून दिलें कीं, विचारणारासच उत्तर ठाऊक नसलें, अथवा तो दृष्टीआड असला, तर घोडा चुकतो. हान्स जर्मन जाणत नव्हता; विचारणाराची नकळत हललेली मान तो टिपीत असे. उत्तर गुरुजीच सांगत होते, आणि तें त्यांस ठाऊक नव्हतें!

मग प्राण्यांस भाषा मुळींच कळत नाहीं काय? तसेंही नव्हे. जर्मनींतील रिको हा कुत्रा सुमारें २०० वस्तू नांवांवरून ओळखतो, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. धनी दिसत नसतां, शेजारच्या खोलींतून तो त्या आणी. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या बुडापेस्टच्या प्रयोगांत १८ कुत्र्यांस स्पॅनिश व हंगेरियन ऐकविलें, तेव्हां ओळखीच्या व परक्या भाषेनें त्यांच्या मेंदूंत निरनिराळे व्यापार घडले.

तात्पर्य, कांहीं शब्द व घरच्या भाषेचें वळण कुत्रा ओळखूं शकतो. बाकीचें तो आमच्या चेहऱ्यावरून जाणतो. आणि तेथें मराठी काय, जर्मन काय, सारखेंच.