वाफ, पंप आणि दुकानातली चक्की

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या घरांत कॉफीचं यंत्र अलीकडे आलं. उपनगराला मात्र कॉफीची यंत्रं जुनीच. ती घराबाहेर होती, एवढंच. चक्की दुकानात, वाफेचं यंत्र लग्नाच्या हॉलात आणि घरात काय, तर एक फिल्टर, एक पातेलं आणि गाळणं. महागाचं यंत्र सगळ्यांत मिळून एक, स्वस्तातलं ज्याचं त्याचं, अशी ही वाटणी होती. हल्ली सोसायटीतली तरुण मंडळी मोबाइलवर फोटो दाखवून विचारतात, "काका, हे एस्प्रेसो मशीन घेऊ का? परवडतंय." तेव्हा मी आधी ही वाटणी सांगतो. स्वस्त यंत्र फसतं ते बहुतेक वेळा तिचा विसर पडल्यामुळे.

मला विचारण्याचं कारण माझी नोकरी. ती सगळी लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात, बॉयलरवर गेली. वाफ, दाब, झडप यांच्याशी रोजचा संबंध. कॉफीशी संबंध मात्र शेजारामुळे आला. आमच्या घरात चहाचं राज्य. कॉफी व्हायची ती पाहुण्यांसाठी, नाहीतर परीक्षेच्या रात्री. दुधात उकळलेली, वरून जायफळ किसून. डब्यावर नाव पोल्सन. पोल्सन म्हटलं की लोकांना लोणी आठवतं, पण पेस्तनजी एदलजींच्या धंद्याची सुरुवात झाली कॉफी भाजून-दळून विकण्यापासून. आणंदची डेअरी नंतरची. ती कॉफी चिकरी मिसळलेली, डबाबंद, दळून कधीची झालेली कुणालाच ठाऊक नाही. जायफळाखाली सगळं खपून जायचं.

शेजारच्या तमिळ मामींकडे तसं खपत नसे. दक्षिणेतून आलेली कारकून, टंकलेखक, हिशेबनीस मंडळी आधी माटुंग्यात स्थिरावली. त्यांनी १९३२मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली, देवळं बांधली, खाणावळी चालवल्या. पुढे माटुंग्यात जागा पुरेना तशी ही कुटुंबं मध्य रेल्वेनं घाटकोपर, मुलुंड, डोंबिवलीकडे आणि पश्चिम रेल्वेनं अंधेरी, गोरेगाव, बोरिवलीकडे सरकली. त्यांच्यामागोमाग स्टेशनाजवळ कॉफीची दुकानं आली. किंग्ज सर्कलजवळच्या म्हैसूर कन्सर्न्समधून पावडर आणणारी माणसं तर मुलुंडहून लोकलनं जायची.

अशा दुकानात ऑर्डर देणं ऐकण्यासारखं असे. "अर्धी पीबेरी, अर्धी प्लांटेशन ए, चिकरी वीस टक्के." दुकानदार बिया तोलायचा, चक्कीच्या तोंडात ओतायचा आणि गरम पावडर कागदी पिशवीत भरून द्यायचा. मामी एका आठवड्याची पावडर घ्यायच्या, जास्त कधीच नाही. घरी तिचं काय व्हायचं ते अगदी साधं. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पावडर, त्यावर चकती, वरून उकळतं पाणी. थेंब थेंब अर्क खाली उतरायचा. दाब शून्य, लागायचा तो वेळ. या फिल्टरला वीज नाही, सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही. एवढ्याशा भांड्यातून उत्तम कॉफी निघायची, कारण खरं काम दुकानातल्या चक्कीनं आधीच उरकलेलं असायचं.

सरकारचाही या चवीत हात होता. जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळल्यावर देशात खप वाढवण्यासाठी जो सेस लावला गेला, त्यातून १९३६मध्ये पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं ते मुंबईत, चर्चगेटला. १९४२च्या कायद्यानं कॉफी बोर्ड आलं आणि मळेवाल्याला आपलं पीक बोर्डाच्या साठ्यात जमा करावं लागू लागलं. पन्नासेक वर्षं हेच चाललं. आज दुकानात मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख छापलेली पाकिटं दिसतात. तेव्हा सगळ्या मळ्यांचा माल एकत्र व्हायचा आणि ग्राहकापर्यंत पोचायची ती फक्त प्रत.

आता दुसरं यंत्र. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्यानं उपनगरात लग्नं जेवली, त्याला ते आठवेल. हॉलच्या कोपऱ्यात चकचकीत उभा बंब, खाली गॅसची शेगडी, अंगावर दाबाचं घड्याळ, बाजूला वाफेची नळी. चालवणारा पोरगा स्टीलच्या मगात दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी घ्यायचा, नळी आत बुडवायचा आणि कॉक फिरवायचा. घुर्रर्र आवाज, फेसाचा डोंगर, वर चिमूटभर कोको. आइस्क्रीम नको म्हणणारेही तिथे रांग लावत. घरात त्याची नक्कल म्हणून आम्ही इन्स्टंट कॉफी आणि साखर चमच्यानं हात दुखेपर्यंत फेटायचो.

मी त्या रांगेत उभा राहून घड्याळाकडे बघायचो. आमच्या १९२३च्या बॉयलर कायद्यात २२.७५ लिटरपेक्षा लहान भांडं बॉयलर धरलं जात नसे. त्याला ना तपासणी, ना सर्टिफिकेटवाला माणूस. लग्नातलं यंत्र या आकड्याच्या अलीकडचं की पलीकडचं, याचा अंदाज बांधण्यात माझी कॉफी थंड व्हायची. पण एक गोष्ट स्पष्ट होती. इथे वाफ दूध तापवत होती, फेस आणत होती. कॉफीचा अर्क ती काढत नव्हती. तो कारखान्यात निघून, वाळून डब्यात आलेला होता.

गंमत अशी की इटलीत हे यंत्र जन्माला आलं तेव्हा तिथेही सगळी भिस्त वाफेवरच होती. तूरिनच्या आंजेलो मोरिओन्दोनं १८८४मध्ये, मिलानच्या लुइजी बेझ्झेरानं १९०१मध्ये पेटंट घेतलं. बेझ्झेराचे हक्क घेऊन देसिदेरिओ पावोनीनं ती यंत्रं विकायला काढली. बॉयलरमधली वाफ गरम पाण्याला कॉफीतून ढकलायची. दाब जेमतेम दीड बार आणि कॉफी करपट.

का करपट, ते वाफेच्या कोष्टकात दिसतं. आमच्या कंट्रोल रूमच्या भिंतीवर हे कोष्टक टांगलेलं असायचं. बंद भांड्यात वाफेचा दाब वाढवायचा तर पाण्याचं तापमानही वाढतंच. एकाला सोडून दुसरं मिळत नाही. घड्याळ दीड बार दाखवतं तेव्हा आतलं पाणी १२७ अंशांवर असतं. चार बारला १५० अंशांच्या पुढे. नऊ बार हवे असतील तर १८० अंश. आणि कॉफीला लागतं नव्वद ते शहाण्णव अंशांचं पाणी. म्हणजे नुसत्या वाफेवर जोर वाढवला की कॉफी जळणार. आकिल्ले गाज्जानं ही गाठ सोडवली. १९३८मध्ये पहिलं पेटंट आणि युद्धानंतर, १९४८च्या सुमारास, दांड्याचं यंत्र: उष्णता बॉयलरची, दाब स्प्रिंगचा. कपावर सोनेरी साय आली ती तेव्हापासून. १९६१च्या फाएमा ई-६१ यंत्रात दांडा ओढणाऱ्या हाताची जागा विजेच्या पंपानं घेतली. उष्णता आणि दाब एकमेकांपासून सुटले, एस्प्रेसोची सगळी प्रगती यात आली.

हा पंप आपल्याकडे पोचायला चाळीस वर्षं लागली. कॉफीची विक्री १९९६पर्यंत टप्प्याटप्प्यानं खुली झाली. त्याच वर्षी बेंगळुरूत पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं, २०००मध्ये बरिस्ता आलं. घरगुती वापराच्या परदेशी वस्तूंवरचे आयातीचे शेवटचे निर्बंध १ एप्रिल २००१ला उठले. त्याआधी इटालियन यंत्र बघायचं तर ते कुणा आखातातून आलेल्या नातेवाइकाच्या ओट्यावर. मग अंधेरीच्या लिंक रोडवर, मालाड-घाटकोपरच्या मॉलमध्ये पोरांनी पंपाची कॉफी चाखली आणि तीच घरी हवी झाली.

आज बाजारात स्वस्तात जे मिळतं त्यात या इतिहासाचे दोन्ही टप्पे शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि खोक्यावर दोन्हींना एस्प्रेसो मशीनच म्हणतात. पहिला प्रकार वाफेचा: वर घट्ट फिरवायचं झाकण, खाली काचेचं भांडं, ८०० वॅट, चार कप. मॉर्फी रिचर्ड्सचं युरोपा या घराण्यातलं. किंमत साधारण चार-पाच हजारांच्या आसपास. हा बेझ्झेराचा वारस. त्यातून कडक, थोडी करपट कॉफी निघते; दूध-साखर घालून चारजणांना पुरते. लग्नातली चव ज्यांना हवी आहे त्यांनी खुशाल घ्यावं. फक्त आत दाब असताना झाकणाला हात लावायचा नाही, वाफेचा कॉक उघडून फुसफुस थांबल्याशिवाय तर मुळीच नाही. हे मी बॉयलरवाला म्हणून सांगतोय.

दुसरा प्रकार पंपाचा, आठ ते पंधरा हजारांत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १५ बार, कधी २० बार. हा आकडा पंपाच्या पुढे वाट बंद असतानाचा; कॉफीतून पाणी वाहू लागलं की गरज नऊच्या आसपासचीच. म्हणून वीसवालं पंधरावाल्यापेक्षा चांगलं, असं काही नाही. त्याऐवजी तीन गोष्टी बघाव्यात. पाण्याची टाकी निघते का. रबराचं गॅस्केट सुटं मिळतं का. दोन-तीन वर्षांत ते कडक होणारच. आणि वॅट किती. १३५० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर जवळजवळ सहा अँपिअर ओढतं, म्हणजे साध्या प्लगची हद्दच. जुन्या इमारतींतल्या स्वयंपाकघरात पॉवरचा एकच पॉइंट असतो आणि तो ओव्हननं नाहीतर गिझरनं अडवलेला. यंत्राआधी वायरमनला बोलवावं.

आणि आता चक्की. या स्वस्त पंपाच्या यंत्रांबरोबर येते ती बहुधा ५१ मिलिमीटरची दुहेरी तळाची जाळी. खालच्या तळाला एकच बारीक भोक. दाब तेच धरतं, त्यामुळे तयार दळलेली पावडरही चालून जाते. एकेरी तळाची जाळी लावली तर दाब धरण्याचं काम पावडरीलाच करावं लागतं. ती किंचित भरड असली की पाणी धावत सुटतं, फार बारीक असली की अडून बसतं. तिथे चक्की हाताशी हवी, आणि बरी हातचक्की घ्यायची तर निम्म्या यंत्राची किंमत. पंधरा हजार खिशात असतील तर दहाचं यंत्र आणि पाचची चक्की घ्यावी. पंधराचं यंत्र आणि तीन महिन्यांपूर्वीची पावडर घेऊ नये. चक्कीचे पैसे नसतील तर दुहेरी जाळीवर राहावं आणि मामींसारखं दर आठवड्याला ताजं दळून आणावं, फिल्टरपेक्षा बारीक, चिकरीशिवाय. चिकरी जाळीत चिकटून बसते.

वापरताना आधी पावडरीशिवाय एकदा गरम पाणी सोडायचं, म्हणजे धातू तापतो. मग चौदा ग्रॅम पावडर, सपाट दाबलेली. पंचवीस-तीस सेकंदांत अठ्ठावीस-तीस ग्रॅम कॉफी. वजनकाटा हवा, अंदाज नको. दूध टोन्डच घ्यावं. फेस प्रथिनांवर उभा राहतो, सायीवर नाही. टोन्ड दूधही मुंबईचंच अपत्य: दारा खुरोडींनी १९४६मध्ये ते इथे सुरू केलं आणि त्यांचीच आरे कॉलनी १९४९पासून गोरेगावात. वाफेची नळी दुधातून काढल्या काढल्या पुसायची आणि एकदा वाफ सोडायची. वाळलेलं दूध नंतर निघत नाही.

पाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान. भांडुपच्या शुद्धीकरण संकुलातून येतं ते तलावांचं, मऊ पाणी. यंत्रात क्षार साचायला वेळ लागतो. अधूनमधून सायट्रिक अ‍ॅसिड फिरवलं की भागतं. नव्या टॉवरमध्ये बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी मिसळत असेल तर मात्र नळ्या वर्षभरातच तुंबायला लागतील. बॉयलर असो की एस्प्रेसो, मारतं पाणीच.

एवढं ऐकून पोरं विचारतात, मग घ्यायचं की नाही? एकट्यादुकट्यानं प्यायची असेल तर पंपाचं घ्या. सकाळी सहा कप एकदम लागत असतील तर फिल्टरच बरा. पण खरी अडचण ग्राहकाची नाहीच. मुलुंडच्या, घाटकोपरच्या कॉफीवाल्याची चक्की आजही फिल्टरच्या मापावर लावलेली आहे. एका गिऱ्हाइकासाठी तो माप बदलत नाही, आणि त्याचंही बरोबर आहे. पंप आता घरोघरी आला. कॉफीवाल्यानं एस्प्रेसोच्या मापाची दुसरी चक्की काउंटरवर ठेवली, तर दहा हजारांच्या यंत्रातून निघणारी कॉफी सुधारायला दुसरं काही लागणार नाही. मी आमच्या दुकानदाराला हे सांगितलंय. तो म्हणाला, वीस गिऱ्हाइकं आणा. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कागद लावलाय; आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात.