मिठाचा थर आणि रिकामा डोंगर

अणुयुगाचा इतिहास सांगायला बसलो की आपण बॉम्ब सांगतो, अणुभट्ट्या सांगतो, त्या उभारणाऱ्यांची नावं सांगतो. मागे उरलेल्या कचऱ्याचं पुढे काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. आज आपण तेवढंच विचारू. त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल, कारण तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंच्या कारकिर्दीत या प्रश्नाची दोन उत्तरं शेजारी शेजारी दिसतात. एक जमलेलं, एक फसलेलं.

बाईंचं नाव डॉ. मार्गारेट चू. पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्र शिकल्या, मिनेसोटा विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि मग सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत वीस वर्षांहून जास्त काळ काम केलं. तिथल्या अणुकचरा व्यवस्थापन कार्यक्रमाच्या त्या संचालक झाल्या.

आता थोडं मागे जाऊ. १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सुचवलं की किरणोत्सारी कचरा पुरायचा तर मिठाच्या जुन्या थरात पुरा. कारण साधं आहे. वाहतं पाणी असतं तर मीठ कधीच विरघळून गेलं असतं. शिवाय खोलवर दाबाखाली मीठ हळूहळू सरकतं आणि खणलेली पोकळी आपणहून बुजवतं. पहिला प्रयत्न कॅन्ससमधल्या लायन्स गावी झाला. पण तिथे तेलासाठी पाडलेल्या जुन्या बोअर निघाल्या आणि शेजारच्या खाणीत सोडलेलं पाणी कुठे गेलं त्याचा पत्ता लागेना. १९७२पर्यंत तो बेत बारगळला.

त्याच सुमाराला न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबाद गावचे पुढारी म्हणाले, आमच्याकडे या. गाव पोटॅशच्या खाणींवर जगणारं, आणि खाणी उतरणीला लागलेल्या. १९७५मध्ये सँडियाचे भूभौतिकशास्त्रज्ञ वेंडेल वीअर्ट यांनी सूत्रं हाती घेतली. तपासणीच्या एका बोअरला दाबाखालचं खारं पाणी लागलं. जागा काही मैल सरकवावी लागली. म्हणजे बघा, सुरुवातच चूक कबूल करण्यापासून झाली.

या प्रकल्पाला तिकडे ‘विप’ म्हणतात. जमिनीखाली सुमारे ६५५ मीटरवर, जवळजवळ २५ कोटी वर्षांपूर्वीच्या मिठात खोल्या कोरल्या. इथे येणारा कचरा अण्वस्त्रनिर्मितीतला: प्लुटोनियम लागलेले हातमोजे, कपडे, अवजारं, गाळ. कायद्याने विचारलं, दहा हजार वर्षं हा सुरक्षित राहील का? प्लुटोनियम-२३९चं अर्धायुष्य २४ हजार वर्षांच्या आसपास. म्हणजे एवढ्या मुदतीत ते निम्मंसुद्धा संपत नाही.

याचं उत्तर प्रयोग करून मिळत नाही, गणितानेच काढावं लागतं. चू यांच्या क्षेत्राचं मुख्य काम हेच. खडक, पाणी, रसायनं यांचं काय काय होऊ शकेल, प्रत्येकाची शक्यता किती, सगळं मांडायचं. त्यातून एक गमतीची गोष्ट निघाली. मिठाला मिठाच्या जागी राहू दिलं तर धोका नगण्य. खरा धोका आपला, माणसाचा! उद्या कुणीतरी तेल शोधत तिथेच बोअर मारेल, हा.

पण नुसतं गणित पुरलं नाही. १९७८पासून न्यू मेक्सिकोच्या बाजूने एक स्वतंत्र तज्ज्ञगट प्रत्येक आकडा तपासत होता, आणि त्याचा खर्च केंद्र सरकार देत होतं. राज्याने कोर्टातही खेचलं. मग १९९२चा कायदा आला, १९९८च्या मे महिन्यात पर्यावरण संरक्षण संस्थेची मंजुरी मिळाली आणि २६ मार्च १९९९ रोजी लॉस अ‍ॅलामॉसहून पहिली खेप पोचली. चोवीस वर्षं लागली, पण दार उघडलं.

हे यश गाठीशी घेऊन चू २००२मध्ये वॉशिंग्टनला गेल्या. अणुभट्ट्यांमधलं वापरलेलं इंधन नेवाडातल्या यक्का डोंगरात पुरायचं, त्या कार्यक्रमाच्या प्रमुख म्हणून. काम जास्त अवघड होतं. हे इंधन कितीतरी जहाल असतं, आणि खडक ज्वालामुखीच्या राखेचा. पण अडचण खडकापेक्षा जुनी होती. १९८७मध्ये काँग्रेसने इतर जागा यादीतून काढल्या आणि एकट्या यक्काचं नाव ठेवलं. नेवाडात एकही अणुवीजकेंद्र नाही. लोकांना वाटलं, आपल्यावर हे लादलं.

२००२मध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरला, काँग्रेसने तो मोडला. जुलै २००४मध्ये न्यायालय म्हणालं, दहा हजार वर्षांची मुदत विज्ञान अकादमीच्या सल्ल्याला धरून नाही. गणिताचा पायाच हलला. परवान्याचा अर्ज वेळेत गेला नाही. २००५च्या सुरुवातीला चू पायउतार झाल्या. अर्ज २००८मध्ये गेला, पण पुढच्या सरकारने प्रकल्पच गुंडाळला. आज सुमारे ९० हजार टन इंधन देशभर जिथल्या तिथे पडून आहे.

आम्ही विपला आदर्श म्हणत नाही. फेब्रुवारी २०१४मध्ये तिथे एक पिंप फुटलं आणि जवळपास तीन वर्षं काम बंद पडलं. लॉस अ‍ॅलामॉसला ते भरताना खनिजाऐवजी धान्यापासून केलेली शोषक भुकटी टाकली होती. मीठ दगा देत नव्हतं, भरणाऱ्या हातांनी दिला.

मग या कारकिर्दीतून काय घ्यायचं? शास्त्रज्ञ त्याच, गणिताची रीत तीच. फरक होता तो इतकाच नव्हे की खडक वेगळा होता. एका ठिकाणी गावाने बोलावलं होतं आणि शंका घेणाऱ्यांना तपासायला बसवलं होतं. दुसऱ्या ठिकाणी आधी ठरवलं आणि मग समजावलं.

हे आपल्यापासून फार लांब नाही. आपल्या तारापूरला असा जहाल कचरा काचेत गोठवून, हवेने थंड ठेवून सांभाळला जातो. काच टिकाऊ आहे, पण ती कायमची कुठे ठेवायची ते भारतात अजून ठरलेलं नाही. ती जागा शोधायची वेळ येईल तेव्हा आपण गावाकडे आधी नकाशा घेऊन जाणार की प्रश्न, हे आत्ताच ठरवायला हवं.