ज्ञानकोशाचे मूल्य आणि मोल

कोशवाङ्मयाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने नोंदींची विश्वसनीयता, परिभाषा आणि भाषाशैली या अंगांनी होत आला आहे. कोशाच्या हिशेबवहीकडे समीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः ज्ञानकोश हा असा वाङ्मयप्रकार आहे की, ज्याचे रूप त्याच्यामागील अर्थव्यवहारापासून वेगळे काढता येत नाही. कविता एकट्याने लिहून होते; कोशाला कार्यालय, संपादकवर्ग, छपाई आणि वर्षानुवर्षे पुरेल एवढा पैसा लागतो. तो कोण देतो, यावर कोशाचा कर्ता कोण आणि वाचक कोण, हेही ठरत जाते.

मराठीत या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर श्रीधर व्यंकटेश केतकरांनी दिले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन परतलेल्या या समाजशास्त्रज्ञाने राजाश्रयाची वाट न पाहता नागपुरात ‘ज्ञानकोश मंडळ लिमिटेड’ ही भागभांडवलाची कंपनी उभारली. पुढे काम पुण्यास आले आणि १९२०च्या दशकात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड पुरे झाले. यातील पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. वर्णक्रमाने येणाऱ्या नोंदी त्यांच्यानंतर सुरू होतात. अकारविल्हेच्या आधी स्वतःची इतिहासदृष्टी मांडण्याचे हे स्वातंत्र्य केतकरांना मिळाले, याचे एक कारण त्यांच्या डोक्यावर सरकार वा विद्यापीठ नव्हते. भागधारक आणि वर्गणीदार मात्र होते. १९२७ साली केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने मंडळाचा इतिहास लिहिला. कोशकाराला आपल्या कोशाइतकाच आपल्या कंपनीचाही वृत्तांत लोकांपुढे ठेवावासा वाटला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

दुसरे उत्तर राज्यस्थापनेनंतरचे आहे. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले. १९८० साली त्यासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ झाले. वाई येथून सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. तर्कतीर्थ १९९४ सालीच निवर्तले होते. एवढा विलंब कोणत्याही भागधारकाने सोसला नसता. राजकोषाने तो सोसला. येथे वर्गणीदाराच्या जागी करदाता आला. आज हे खंड आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात, कारण त्यांचे मूल्य आधीच चुकते झाले आहे.

परंतु छापील कोशाला काळाची एक अडचण राहतेच. ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर हा मिठागरांचा, शेतकरी-कोळ्यांच्या गावांचा पट्टा. तेथे २००२ साली महानगरपालिका आली आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांपलीकडे गेली. एवढ्या वेगाने रूप पालटणाऱ्या शहराला वर्णक्रमाने छापलेल्या कोशात ठेवायचे, तर पुरवणी हवी आणि पुरवणीला पुन्हा भांडवल हवे. विकिपीडियाने ही अडचण दूर केली. २००१ साली इंग्रजीत सुरू झालेला हा मुक्त ज्ञानकोश मे २००३ मध्ये मराठीत आला. त्याची नोंद कोणीही, कोणत्याही दिवशी, मोबदल्यावाचून दुरुस्त करू शकतो.

याचा अर्थ तेथे पैसा नाही, असा नव्हे. प्रारंभी बोमिस या खाजगी कंपनीने त्याचा भार उचलला. पुढे जाहिराती येतील, या शंकेने २००२ साली स्पॅनिश लेखकांचा एक गट वेगळा होऊन त्याने स्वतःचा कोश काढला. आपल्या फुकट श्रमांवर दुसऱ्याने नफा मिळवू नये, ही त्यामागची भावना होती. २००३ साली विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था झाली आणि जाहिरातींऐवजी देणग्यांचा मार्ग पक्का झाला. तिचे पहिल्या वर्षाचे उत्पन्न सुमारे ८० हजार डॉलर होते. २०२२-२३ साली ते सुमारे १८ कोटी डॉलरवर गेले. त्या वर्षी १० कोटींहून अधिक डॉलर वेतनावर खर्च झाले, तर संगणकसेवेवर सुमारे ३१ लाख. नोंदी लिहिणाऱ्यांच्या श्रमाला मात्र या हिशेबात रकानाच नाही.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न व्यापारी उपयोगाचा आहे. विकिपीडियाचा परवाना मजकुराच्या व्यापारी वापरास मुभा देतो. अट एवढीच की श्रेय द्यावे आणि त्यावरून सिद्ध केलेला मजकूर त्याच अटींवर खुला ठेवावा. शोधयंत्रांनी आणि अलीकडे भाषिक प्रतिमानांनी या मजकुरावर मोठा व्यवसाय उभारला. २०२१ साली फाउंडेशनने अशा कंपन्यांसाठी सशुल्क सेवा काढली आणि पुढील वर्षी गूगल तिचे ग्राहक झाले. पण त्या सेवेचे उत्पन्न देणग्यांच्या तुलनेत अल्पच आहे.

येथे श्रेयाची अट केवळ कायद्याची बाब राहत नाही. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. ते मानधनाइतकेच त्याचे वेतन होय. मुक्त कोशात नाव संपादनांच्या इतिहासात मागे जाते, तरी वाचक मूळ पानावर येतो, चूक पाहतो, कधी स्वतःच लिहू लागतो. यंत्राने परस्पर उत्तर दिले की ही वाट बंद होते. मानवी वाचकांच्या भेटी आदल्या वर्षापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी घटल्याचे फाउंडेशनने २०२५ साली नोंदविले. न आलेल्या वाचकाबरोबर उद्याचा देणगीदार जातो आणि उद्याचा लेखकही. इंग्रजीला ही झीज काही काळ सोसेल. ज्या मराठी कोशाचा भार मोजक्या स्वयंसेवकांवर आहे, त्याला ती सोसणारी नाही.

केतकरांच्या वाचकाने भाग घेऊन, विश्वकोशाच्या वाचकाने कर भरून कोशाचे मोल दिले. मुक्त कोशाचा वाचक ते दान देऊन किंवा लिहून देतो. पहिल्या दोघांचे देणे खंड छापून झाल्यावर संपले. तिसऱ्याचे कधीच संपत नाही, कारण त्याचा कोश कधीच पुरा होत नाही. म्हणून ‘विनामूल्य’ या शब्दाने फसण्याचे कारण नाही. किंमत नसलेल्या कोशालाच आपल्या वाचकाची गरज सर्वांत अधिक असते.