मगरिब ते इशा, मोबाईल बाजूला

मोबाईलचे व्यसन म्हणजे नुसता जास्त वापर नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत गेमचे व्यसन घेतले, त्याच्या खुणा अशा: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळे मागे पडणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे. रील्सचे वेड त्या यादीत नाही. वर्गात पेंगणाऱ्या मुलांत मात्र आम्हाला तेच जास्त दिसते.

रील्सना शेवटच नसतो. धडा संपतो, सिनेमा संपतो, रील संपत नाही. म्हणून थांबण्याची वेळ बाहेरून आणावी लागते. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ती भोंग्याने आणली. संध्याकाळी सातला भोंगा झाला की टीव्ही-मोबाईल बंद, ते साडेआठपर्यंत.

आपल्याकडे तर अजान आहेच. मगरिब ते इशा साधारण सव्वा तास मिळतो. तेवढा वेळ घरातले सगळे फोन एका टोपलीत ठेवावेत, अम्मी-अब्बांचेसुद्धा. नाहीतर मुलं तोंडावर विचारतात, आणि बरोबरच विचारतात! नमाजची वेळ बघायला ॲप लागतं म्हणणाऱ्यांनी मशिदीचा छापील तक्ता भिंतीवर लावावा. शाळेच्या ग्रुपवरचा अभ्यास इशानंतर पाहिला तरी चालतो, आमची हरकत नाही.

पहिले काही दिवस मुलं चिडचिड करतील. त्या वेळेत त्यांना काहीतरी हातात द्या: सबक, कॅरम, नाहीतर दस्तरखान मांडायचं काम.