मार्टिन-ग्रूबर जोड : जुनं विच्छेदन, नवी तपासणी

आता आपण १७६३ सालात जाऊ. स्वीडनचे शरीररचनातज्ज्ञ रॉजर मार्टिन यांनी नोंदवलं, की काही माणसांत मीडियन नर्व्हचे थोडे तंतू कोपराखाली अल्नर नर्व्हला जाऊन मिळतात. १८७० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वेन्झेल ग्रूबर यांनी विच्छेदनांतून हेच सविस्तर मांडलं. या जोडीला दोघांचं नाव मिळालं. रुग्णाला मात्र तिचा काहीच उपयोग नव्हता.

विसाव्या शतकात नर्व्ह कंडक्शन तपासणी आली आणि चित्र बदललं. बघा, अल्नरला मनगटाशी विजेचा हलका झटका दिला, की अंगठा-तर्जनीमधला स्नायू पूर्ण प्रतिसाद देतो. कोपराशी दिला, तर कमी. वाटतं, नर्व्ह मध्येच अडली! खरं तर तिचे काही तंतू कोपराशी अजून मीडियनमध्येच असतात. मग मीडियनला दोन्ही ठिकाणी झटका देऊन पाहायचं. त्याच स्नायूचा प्रतिसाद कोपराशी जास्त आला, तर ही जोड आहे असं समजायचं.

हे पाहिलं नाही, तर धडधाकट नर्व्हवर नाहक शस्त्रक्रिया होऊ शकते. आणि ही जोड काही दुर्मिळ नाही. साधारण पाच-सहा जणांत एकाच्या हातात ती असते.