पन्नास नंबरचं घर आणि फ्लश

१९३१ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनिया वुल्फ 'द वेव्हज' ही कादंबरी संपवून थकली होती. विश्रांती म्हणून ती बागेत बसून रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट या दोन कवींचा पत्रव्यवहार वाचत होती. पाचशे चौऱ्याहत्तर पत्रं, वीस महिन्यांची. वाचता वाचता तिचं लक्ष तिसऱ्याच जीवाकडे जाऊ लागलं. या पत्रांत एक कुत्रा सतत लुडबुडत होता. तो केक खायचा, जिन्यावर पाऊल वाजलं की कान टवकारायचा, येणाऱ्या पाहुण्यावर दात विचकायचा. त्याचं नाव फ्लश. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९३३ मध्ये, वुल्फनं त्याचं चरित्र प्रसिद्ध केलं. पुस्तकात चार चित्रं तिची बहीण व्हनेसा बेलनं काढली. कुत्र्याच्या सवयी पाहायला वुल्फच्या घरातच एक स्पॅनियल होती, पिंका. मैत्रीण व्हिटा सॅकव्हिल-वेस्टनं दिलेली.

या पुस्तकाकडे पुष्कळांनी गंमत म्हणून पाहिलं. पण एकोणिसाव्या शतकातलं एक सधन घर आतून कसं चालत होतं, हे समजून घ्यायला फ्लशइतका चांगला साक्षीदार क्वचितच सापडेल. घरातली माणसं पत्रं लिहितात, तसबिरी काढून घेतात, आणि जे सांगायचं नसतं ते गाळतात. कुत्र्याला मात्र दार कोण उघडतं, ताट कोण आणतं, कोणाच्या पावलाची भीती वाटते, एवढंच ठाऊक असतं. घराचा खरा कारभार यांतच असतो.

घर होतं लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर, नंबर पन्नास. बॅरेट कुटुंब तिथं १८३८ मध्ये आलं. एडवर्ड मोल्टन बॅरेट हे कर्ते पुरुष. पत्नी मेरी १८२८ मध्येच वारलेली. त्यांना बारा मुलं झाली. मुलगा असो की मुलगी, कोणीही लग्न करायचं नाही, हा त्यांचा दंडक. पुढे तिघांनी तो मोडला आणि तिघांनाही त्यांनी वारसातून काढून टाकलं. घरातला पैसा जमैकातल्या उसाच्या मळ्यांचा, म्हणजे गुलामांच्या श्रमाचा होता. तो आटू लागला तेव्हा हर्फर्डशरमधला 'होप एंड' हा वाडा विकावा लागला. लंडनच्या घरातले गालिचे आणि पडदे कोणाच्या घामावर आले, हे फ्लशला कळायला मार्ग नव्हता. एलिझाबेथला ते पुरतं माहीत होतं. तिनं गुलामगिरीविरुद्ध कविता लिहिली आणि आपल्या रक्तातल्या त्या वारशाबद्दल तिला आयुष्यभर लाज वाटली.

थोरली एलिझाबेथ, जन्म १८०६. तब्येतीनं नाजूक. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिला समुद्रकाठच्या टॉर्कीला ठेवलं होतं. तिच्याच आग्रहावरून सोबतीला थांबलेला लाडका भाऊ एडवर्ड जुलै १८४० मध्ये होडी उलटून बुडाला. त्या दुःखातून ती उठेना. तेव्हा तिची मैत्रीण मेरी रसेल मिटफर्ड हिनं आपल्या कुत्र्याचं पिल्लू तिला द्यायचं ठरवलं. मिटफर्ड रेडिंगजवळच्या थ्री माइल क्रॉस या खेड्यात राहायची. वडिलांनी जुगारात सगळं घालवलेलं, घर तिच्या लेखणीवर चालायचं. चांगल्या जातीच्या स्पॅनियलला बाजारात मोल होतं, आणि तिच्या घरी पैशांची ओढ कायमची. तरी तिनं तो विकला नाही, भेट दिला. जानेवारी १८४१ मध्ये फ्लश टॉर्कीला पोचला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात एलिझाबेथबरोबर विम्पोल स्ट्रीटवरच्या मागच्या खोलीत.

शेतातून, सशांच्या बिळांतून आलेलं जनावर एका बंद खोलीत राहायला शिकलं, ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. एलिझाबेथ कोचावर पडून ग्रीक वाचायची, लिहायची, फ्लश पायाशी. वडील रात्री वर येऊन तिच्यासोबत प्रार्थना करायचे. मुलीनं पोटभर जेवावं अशी त्यांची सक्त ताकीद. वुल्फ दाखवते ते असं: ताटातलं मटण आणि पुडिंग गुपचूप फ्लशच्या पोटात जातं, आणि वडील वर येतात तेव्हा रिकामं ताट पाहून समाधान पावतात. प्रेम, धाक आणि फसवणूक एका ताटाभोवती नांदत होती. चाळिशीला टेकलेली, देशभर नाव झालेली कवयित्री जेवणावरून वडिलांना भिते, हे तिच्या चरित्रकाराला सांगायला पानंच्या पानं लागतील. ताट रिकामं करणाऱ्याच्या नजरेतून ते एका प्रसंगात कळतं.

जानेवारी १८४५ मध्ये ब्राउनिंगचं पहिलं पत्र आलं; २० मे रोजी तो स्वतः आला. मग येतच राहिला, वडील घरी नसतील अशा दुपारी. त्याच्यासाठी खोलीत जागा झाली तशी फ्लशची कमी झाली. १८४६ च्या जुलैत फ्लश त्याला चावला. विल्सन नावाच्या मोलकरणीनं त्याला शिक्षा केली. ब्राउनिंगनं मात्र राग धरला नाही, तो केक घेऊन आला.

खोलीबाहेर एक वेगळाच धंदा बोकाळला होता: कुत्री पळवण्याचा. इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत कुत्रा ही चोरी होऊ शकेल अशी मालमत्ताच धरली जात नसे. त्याच्या गळ्यातला पट्टा चोरला तर ती चोरी ठरायची. कुत्रा नेला तर फारसं काही बिघडत नसे. चोरांनी ही फट बरोबर हेरली होती. लंडनच्या वेस्ट एंडमधल्या श्रीमंत बायका गाडीतून दुकानापाशी उतरल्या, की पायाशी घोटाळणारं कुत्रं क्षणात पिशवीत जायचं. दोन दिवसांनी एक माणूस घरी येऊन नम्रपणे सांगायचा, की कुत्रं 'सापडलं' आहे, परत आणायला अमुक इतक्या गिनी पडतील. घासाघीस केली तर काय होतं, याचीही गोष्ट शेजारपाजारी सांगितली जायची: एका बाईला म्हणे पार्सलातून तिच्या कुत्र्याचं मुंडकं आणि पंजे आले होते. तक्रारी इतक्या वाढल्या, की १८४४ मध्ये पार्लमेंटच्या समितीनं चौकशी केली आणि १८४५ मध्ये कुत्र्याची चोरी हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. धंदा काही लगेच थांबला नाही.

फ्लश एकूण तीनदा चोरीला गेला. वुल्फनं कथेच्या सोयीसाठी तिन्हींची मिळून एकच चोरी केली आणि टीपेत तसं कबूल केलं. शेवटची चोरी १ सप्टेंबर १८४६ ची. एलिझाबेथ बहीण अराबेलसोबत व्हिअर स्ट्रीटवर खरेदीला गेली होती. गाडीत चढताना वळून पाहिलं, तर फ्लश नाही.

टेलर हा टोळीचा म्होरक्या. मागणी सहा गिनींची. वडिलांनी हुकूम सोडला की एक पैसाही द्यायचा नाही. भावांचंही तेच. आणि ज्याच्याशी ती लपून लग्न करणार होती, तो ब्राउनिंगही विरोधात. चोरांना पैसे देणं म्हणजे चोरीला खतपाणी घालणं, असं त्यानं पत्रांतून बजावलं. तत्त्व म्हणून ते बिनतोड होतं. एलिझाबेथनं उलट विचारलं, की उद्या इटलीत दरोडेखोरांनी मलाच पळवलं आणि पैसे मागितले, तर तू काय करशील? या प्रश्नात मला त्या लग्नाची खरी परीक्षा दिसते. एका घरातल्या पुरुषाच्या हुकुमातून सुटून ती दुसऱ्या घरात जाणार होती, आणि त्या पुरुषाच्या म्हणण्यापुढे आपलं चालतं की नाही, हे तिला लग्नाआधी पाहता आलं. तिनं ऐकलं नाही.

वर्षानुवर्षं खोलीबाहेर पाऊल टाकायला घाबरणारी ही बाई भाड्याची बग्गी करून विल्सनसोबत थेट शहराच्या पूर्व टोकाला, टेलरच्या वस्तीत गेली. व्हाइटचॅपलच्या त्या भागात एकेका खोलीत अनेक कुटुंबं कोंबलेली, वर माणसं, खाली जनावरं, गटारं उघडी. बग्गीभोवती गर्दी जमली. टेलर घरी नव्हता. त्याची बायको बाहेर आली, गोड बोलली, निरोप घेतला. नंतर टेलर विम्पोल स्ट्रीटवर आला, तर भाऊ आल्फ्रेडनं त्याला शिव्या घालून सौदा मोडला. शेवटी सेप्टिमस या दुसऱ्या भावानं मध्ये पडून पैसे पोचवले आणि पाच दिवसांनी फ्लश परतला, मळलेला, तहानलेला. पाण्याच्या भांड्याकडे धावला.

वुल्फनं या प्रकरणाला अख्खा अध्याय दिला आहे, आणि तिथं तिचं पुस्तक गंमतीच्या फार पलीकडे जातं. विम्पोल स्ट्रीट आणि व्हाइटचॅपल या दोन जगांत काही मैलांचंच अंतर; पण वेस्ट एंडमधल्या कित्येकांनी ते उभ्या जन्मात ओलांडलं नव्हतं. फ्लश दोन्हीकडे राहून आला. वुल्फचं म्हणणं असं, की एलिझाबेथला त्या दिवशी बग्गीच्या खिडकीतून दिसलेले चेहरे दहा वर्षांनी, 'ऑरोरा ली' या तिच्या दीर्घकाव्यातल्या वस्तीच्या वर्णनात उमटले. ते पटतं. खोलीत पडून वाचलेल्या पुस्तकांतून तसं वर्णन येत नाही.

तीन चोऱ्यांत मिळून एलिझाबेथनं चोरांना वीस पौंड दिले. विल्सनचा पगार होता वर्षाला सोळा पौंड, आणि खुद्द एलिझाबेथनंच ब्राउनिंगला लिहिलं होतं, की माझी मोलकरीण महागडी आहे.

कुत्र्याच्या तोंडून घर सांगायची कल्पना वुल्फची नव्हे. सर्व्हांतेसनं १६१३ मध्येच व्हायादोलिदच्या रुग्णालयात राखण करणाऱ्या दोन कुत्र्यांना रात्रभर बोलतं केलं. त्यातला बेर्गान्सा आपल्या एकेका मालकाचे वाभाडे काढतो. कॅनडाच्या मार्शल सॉन्डर्स या लेखिकेचं 'ब्यूटिफुल जो' १८९३ मध्ये आलं. एका मारहाण झालेल्या खऱ्या कुत्र्यावरून ते लिहिलेलं, आणि खपलं दहा लाखांहून जास्त. मार्क ट्वेननं १९०३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध कुत्रीच्या तोंडून गोष्ट सांगितली. यांपैकी बहुतेकांना वाचकाला जनावराची दया यायला हवी होती. वुल्फला दया नको होती, तिला घराची मांडणी पाहायची होती. म्हणून तिनं फ्लशला बोलायला लावलं नाही. त्याचं नाक आणि डोळे घेतले आणि शब्द स्वतःचे ठेवले.

फ्लश परतल्यावर आठवडाभरात, १२ सप्टेंबर १८४६ रोजी, सेंट मेरिलबोन चर्चमध्ये लग्न लागलं. साक्षीला दोन माणसं: ब्राउनिंगचा मावसभाऊ आणि विल्सन. नवरी त्याच दिवशी काही घडलंच नाही अशी वडिलांच्या घरी परतली. १९ तारखेला ती, विल्सन आणि फ्लश हळूच बाहेर पडले. फ्लश भुंकला असता तर सगळंच फसलं असतं. वडिलांनी मुलीला कधीच माफ केलं नाही; तिची पत्रं त्यांनी न उघडता परत केली.

पुढे पिसा, मग फ्लॉरेन्समधलं कासा ग्विदी. तिथं फ्लश साखळीशिवाय हिंडला. पिसवा इतक्या झाल्या, की ब्राउनिंगनं त्याचे केस कापून टाकले. १८४९ मध्ये बाळ झालं. सुरुवातीला फ्लश रुसला, पुढे बाळाचाही झाला. १८५४ मध्ये म्हातारपणानं गेला आणि त्याच घराच्या तळघरात त्याला पुरलं.

विल्सनचं काय झालं? एलिझाबेथ विल्सन तिचं नाव. मालकिणीचंही तेच असल्यामुळे घरात ती आडनावानंच ओळखली जाई. टेलरच्या दारात बग्गीत ती होती, लग्नाला साक्षीदार ती होती, पळून जाताना सामान आणि कुत्रा तिनं सांभाळला. पकडली गेली असती तर एलिझाबेथला निदान नातेवाईक होते. विल्सनला दुसरी नोकरी मिळाली नसती. १८५५ मध्ये तिनं ब्राउनिंगच्या घरातल्याच फेर्दिनांदो रोमान्योली या इटालियन नोकराशी लग्न केलं. पहिलं मूल त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये झालं. बाळाला बहिणीकडे ठेवून तिला पुन्हा परदेशी जावं लागलं. फ्लशला मात्र कधी कोणी मागे ठेवलं नव्हतं.

वुल्फला हे सगळं माहीत होतं. तिनं विल्सनवर काही पानांची टीप लिहिली, तिचं आयुष्य अंधारात राहिलं याची खंत व्यक्त केली, कोणीतरी तिचं चरित्र लिहायला हवं असंही सुचवलं. पण टीप ती टीपच, पुस्तकाच्या शेवटी. कुत्र्याला सहा अध्याय आणि मोलकरणीला परिशिष्ट, हे प्रमाण मला आजही खुपतं. कारण जमिनीजवळून घर पाहायचं ठरवलं, तर फ्लशच्या शेजारी, पायरीवर, भांडं भरताना पहिली दिसते ती विल्सनच. वुल्फची नजर तिथवर पोचली, हे तिचं मोठेपण. तिथं थांबली, ही मर्यादा.

पुढे विल्सननं फ्लॉरेन्समध्ये भाडेकरू ठेवायला सुरुवात केली. म्हातारा, भडक डोक्याचा कवी वॉल्टर सॅव्हेज लँडर याला सांभाळायची जबाबदारी ब्राउनिंगनं तिच्यावरच टाकली होती. वुल्फनं सुचवलेलं काम अखेर मार्गारेट फॉर्स्टर या लेखिकेनं हाती घेतलं. तिनं आधी एलिझाबेथचं चरित्र लिहिलं आणि मग १९९० मध्ये, त्या टीपेनंतर सत्तावन्न वर्षांनी, विल्सनवर 'लेडीज मेड' ही जाडजूड कादंबरी. त्यात टेलरच्या दारातली बग्गी पुन्हा येते, आणि या वेळी ती विल्सनच्या बाजूनं दिसते.