काष्ठमूर्ती, नासिक परिसरातील गृहदेवतांच्या

काष्ठमूर्ती म्हणजे लाकूड कोरून घडविलेली देवप्रतिमा. पाषाण व धातू यांच्या मूर्तींच्या तुलनेने हिचे आयुष्य अल्प असल्याने मूर्तिकलेच्या इतिहासात तिला गौण स्थान मिळाले आहे. तथापि भारतीय मूर्तिकलेचा आरंभ बव्हंशी लाकडात झाला असावा, असे अभ्यासक मानतात. नासिक (नाशिक) शहर व जिल्हा यांतील घरगुती काष्ठमूर्तींचा विचार करताना देव्हाऱ्यातील पूज्य मूर्ती, वास्तूच्या लाकूडकामात कोरलेल्या देवता आणि जिल्ह्याच्या पश्चिम भागातील आदिवासी समाजांची काष्ठदैवते असे तीन प्रकार वेगळे करावे लागतात. त्यांचे उपयोग, आचार व कारागीर भिन्न आहेत.

शास्त्राधार : भागवत पुराणाच्या अकराव्या स्कंधात प्रतिमांचे आठ प्रकार सांगितले असून त्यांत दारुमयी म्हणजे लाकडी प्रतिमेचा शैली प्रतिमेनंतर लगेच उल्लेख येतो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) ‘वनसंप्रवेश’ हा स्वतंत्र अध्याय मूर्तीसाठी वृक्ष निवडण्यास वाहिलेला आहे. देवदार, चंदन, शमी, मधूक (मोह), खदिर (खैर), बिल्व इ. वृक्ष त्यात वर्णपरत्वे ग्राह्य मानले आहेत. स्मशान, देवालय, वारूळ व नदीसंगम यांच्या जवळचे, वीज पडलेले, हत्तींनी मोडलेले किंवा आपोआप उन्मळून पडलेले वृक्ष वर्ज्य ठरविले आहेत. वृक्ष ज्या दिशेस उभा होता त्याच दिशेस मूर्ती उभी राहावी, म्हणून तोडण्यापूर्वी खोडावर दिशांच्या व वर-खालच्या खुणा करून ठेवाव्यात, असाही तेथे निर्देश आहे. लाकडाच्या धाग्याची दिशा उलटू नये, ही कारागिराची गरज आणि वृक्षाचे सजीवत्व राखावे, ही श्रद्धा या नियमात एकत्र आलेली दिसते. मत्स्य पुराणाने घरातील मूर्तीची उंची अंगठ्याच्या पेरापासून वीतभर इतकीच मर्यादित केली आहे. महाराष्ट्रीय देव्हाऱ्यातील मूर्तींचे लहान आकारमान या नियमाशी जुळते.

प्राचीन अवशेष : नासिक परिसरात प्राचीन काष्ठमूर्ती उपलब्ध नाहीत, परंतु लाकडी कारागिरीची परंपरा येथे किती जुनी आहे, याचा पुरावा दगडातच मिळतो. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेण्यांत चैत्यगृहाच्या (क्र. १८) दर्शनी भागावरील कमानी, वासे व कठडे ही लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल आहे. गौतमीपुत्र सातकर्णीशी संबंधित विहाराच्या (क्र. ३) ओसरीचा तळ लाकडी तुळयांवर ठेवल्यासारखा कोरला असून त्या तुळया खांद्यावर पेलणाऱ्या आकृती तेथे आहेत. दगड कोरणाऱ्यांपुढे सुताराने उभारलेल्या इमारतींचा आदर्श होता, हे यावरून स्पष्ट होते. कार्ले येथील लेण्याच्या लेखात धेनुकाकट येथील ‘वढकी’ म्हणजे सुताराने द्वाराचे काम केल्याचा उल्लेख आहे. लाकूड व दगड या दोन्ही माध्यमांत एकाच कारागिराचा हात चाले, असे त्यावरून अनुमान करता येते.

जुन्या काष्ठमूर्ती न आढळण्याचे कारण केवळ वाळवी व ओल हे नाही. जीर्ण मूर्तीच्या विसर्जनाचा विधी सांगताना अग्निपुराणाने पाषाणमूर्ती पाण्यात सोडावी, पण लाकडी मूर्ती अग्नीत दहन करावी, असे म्हटले आहे. नदीत टाकलेली दगडी मूर्ती शतकांनंतरही सापडू शकते. दहन केलेल्या मूर्तीचा मागमूस उरत नाही. म्हणून काष्ठमूर्तींच्या अभावावरून त्या घडविल्याच जात नव्हत्या, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. ओडिशातील पुरी येथे जगन्नाथाच्या निंबाच्या मूर्ती नवकलेवर विधीने ठरावीक काळाने बदलतात (अलीकडे १९७७, १९९६ व २०१५ मध्ये). तेथे मूर्ती जाते, परंतु परंपरा अखंड राहते.

देव्हाऱ्यातील मूर्ती : नासिकच्या घरांत नित्यपूजेच्या मूर्ती प्रामुख्याने पितळ, तांबे, पंचधातू व चांदी यांच्या असतात. पंचामृत व पाणी यांच्या रोजच्या अभिषेकाने लाकूड फुगते, तडकते व त्यास बुरशी येते, हे याचे व्यावहारिक कारण होय. शिवाय तांबट व कासार यांच्या कामासाठी नासिक प्रसिद्ध असल्याने धातूच्या मूर्ती आणि कुलदैवतांचे टाक येथेच सहज मिळत. लाकडी मूर्ती ठेवल्यास तिला स्नान न घालता कोरड्या वस्त्राने पुसावे आणि अभिषेक सुपारीवर वा धातूच्या मूर्तीवर करावा, असा आचार रूढ झाला. लेप दिलेल्या वा चितारलेल्या प्रतिमेस स्नानाऐवजी परिमार्जन सांगणाऱ्या भागवतातील वचनाशी हा आचार सुसंगत आहे.

याला ठळक अपवाद मांदार गणपतीचा. पांढऱ्या रुईच्या (श्वेतार्क) जुन्या मुळाला गणपतीचा आकार येतो, अशी समजूत असून असे मूळ थोडेसे कोरून देव्हाऱ्यात पूजिले जाते. यात मूर्तिकाराचे काम आकार निर्माण करण्यापेक्षा मुळात दडलेला आकार उघड करण्याचे असते. चंदनाच्या लहान मूर्तीही संग्रही ठेवल्या जात; मात्र त्या बहुधा बाहेरून, विशेषतः कर्नाटकातून येत.

वाड्यांतील देवता : नासिकची खरी काष्ठशिल्पे देव्हाऱ्यात नव्हे, तर देव्हाऱ्याभोवती व दारावर आहेत. मोगल अंमलात गुलशनाबाद म्हणविणारे हे शहर अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांकडे आले. पेशवाईतील सरदार, सावकार व पुरोहित यांनी गोदातीरी वाडे बांधले. सराफ बाजारातील सरकारवाडा आणि जिल्ह्यात चांदवड येथील होळकरांचा रंगमहाल ही या लाकूडकामाची प्रसिद्ध उदाहरणे होत. सुरूच्या आकाराचे खांब, केळफुले, कोरीव हस्त व महिरपी हे या शैलीचे विशेष. नासिकच्या दर्शनी कामावर गुजरातच्या कोरीव कामाची छाप जाणवते. व्यापारी मार्गांनी दोन्ही प्रदेश जोडलेले असल्याने ती स्वाभाविक आहे.

मुख्य दाराच्या चौकटीवरील आडव्या फळीस गणेशपट्टी म्हणतात. तिच्या मध्यावर गणपती, क्वचित त्याच्या दोन्ही बाजूंस ऋद्धि-सिद्धी आणि पुढे वेलबुट्टी, पोपट व मोर कोरलेले असतात. माजघरालगतच्या देवघरातील लाकडी देव्हारा हा मंदिराची लघुप्रतिकृती असे. चार खांब, महिरप व शिखर यांखेरीज त्यावर जय-विजय किंवा गरुड व मारुती कोरण्याची प्रथा होती. या मूर्तींची प्राणप्रतिष्ठा होत नसे आणि त्यांना अभिषेकही नसे. सणावारी हळदकुंकू, फुले व तोरण एवढाच त्यांचा मान होता. पाण्यापासून दूर राहिल्यामुळेच त्या टिकल्या.

सार्वजनिक उत्सवांतही सुताराच्या कामाला स्थान होते. चैत्र शुद्ध एकादशीस नासिकमध्ये निघणारे रामरथ व गरुडरथ आणि कार्तिकी पौर्णिमेस त्र्यंबकेश्वर येथे निघणारा रथ हे लाकडी आहेत. घर व देऊळ या दोहोंसाठी लाकूडकाम करणाऱ्या सुतारांचा वर्ग त्यामुळे टिकून राहिला.

तंत्र : मुख्य लाकूड सागवान. ते पेठ, सुरगाणा व लगतच्या डांग भागातील जंगलांतून येई. सागातील नैसर्गिक तेलामुळे त्यास वाळवी सहसा लागत नाही. बारीक कामासाठी शिसवी व शिवण वापरीत. ओंडका सावलीत दीर्घकाळ वाळवून त्याचा तडकणारा मध्य टाळला जाई. वाकसाने ढोबळ आकार काढून पुढे पटाशी, किकरे व कोरण्या यांनी खोदकाम करीत. भोके सामत्याने पाडीत व मरफ्याने पृष्ठ सारखे करीत. पट्टीवरील मूर्तीचा उठाव कमी असल्याने सोंड, पोट व मांडी यांच्या पातळ्या थोड्याशा खोलीत वेगळ्या दाखविणे, हे कौशल्याचे गमक होते. शेवटी जवसाच्या तेलाचा हात दिला जाई. हे कारागीर स्वतःस विश्वकर्म्याचे वंशज मानतात व माघ शुद्ध त्रयोदशीस हत्यारांची पूजा करतात. त्यांनी कामावर नावे कोरली नाहीत. त्यामुळे कर्तृत्व घराच्या मालकाच्या नावाने नोंदले गेले.

आदिवासी परंपरा : पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली व भिल्ल समाजांत वाघदेवाच्या लाकडी फळ्या आढळतात. तीवर वाघ, नाग, सूर्य व चंद्र कोरलेले असून ती शिवारात वा गावाच्या वेशीवर रोवतात. वाघबारशीस (आश्विन वद्य द्वादशी) तिची पूजा होते. ऊन-पावसात फळी झिजली, तर नवी रोवतात. याच भागातील बोहाडा या उत्सवात गणपती, सरस्वती, नरसिंह, खंडेराव इ. देवतांचे लाकडी वा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून संबळ-सनईच्या तालावर सोंगे नाचतात. मुखवटा बांधलेली व्यक्ती तेवढ्यापुरती देवताच मानली जाते. शास्त्रोक्त प्राणप्रतिष्ठेहून भिन्न असा देवत्वाचा हा विचार आहे. नागर वाड्यातील गणेशपट्टीची दखल कलेतिहासाने घेतली. वाघदेवाच्या फळीची नोंद मात्र दीर्घकाळ केवळ मानवशास्त्राच्या ग्रंथांत राहिली. कोरीव कामाचा विचार करता हा भेद समर्थनीय नाही.

ऱ्हास व सद्यःस्थिती : १८१८ मध्ये पेशवाई संपताच वाडे बांधणारा आश्रयदाता वर्ग क्षीण झाला. १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव होऊन सागवानावर निर्बंध आले. छापील देवचित्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घरोघर पोहोचली व कोरीव देवतांची जागा चौकटीतील तसबिरींनी घेतली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाटण्या, भाडेकरूंचे तंटे, गोदावरीचे १९६९ व २००८ चे महापूर आणि वाढत्या जमीनमूल्यामुळे अनेक वाडे पडले वा पाडले गेले. त्यांची गणेशपट्टी, खांब व देव्हारे जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम (१९७२) यात शंभर वर्षांहून जुनी शिल्पे व इमारतीपासून सुटी केलेली वस्तू यांचाही पुरावस्तूत समावेश होतो आणि त्यांच्या खाजगी निर्यातीस बंदी आहे. परंतु देशांतर्गत विक्रीने होणारी हानी निराळी आहे. पट्टी कोणत्या वाड्याची, कोणत्या गल्लीतील व कोणत्या काळातील, ही माहिती विक्रीबरोबर नाहीशी होते आणि उरतो तो केवळ शोभेचा गणपती. पुणे येथील राजा दिनकर केळकर संग्रहालयाने असे विपुल लाकूडकाम जतन केले आहे, तर नासिकचा सरकारवाडा राज्य पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. उरलेल्या वाड्यांची दारे, छायाचित्रे व मापे यांची स्थानपरत्वे नोंद होणे मात्र आवश्यक आहे.

घरांसाठी लाकडी मूर्तींना आज पुन्हा मागणी आहे. दुकानांत मिळणाऱ्या मूर्ती बहुधा तमिळनाडू, राजस्थान व उत्तर प्रदेशातील सहारनपूर येथून येतात व त्यांतील पुष्कळ संगणकनियंत्रित यंत्रांवर कोरलेल्या असतात. या मूर्ती दिवाणखान्यात मांडल्या जातात. नित्यपूजा मात्र पूर्ववत धातूच्या मूर्तींचीच होते. लाकडी देवतेने दारावर व चौकटीत राहून घराचे रक्षण करावे आणि अभिषेक आतल्या देवाने घ्यावा, ही वाड्यातील जुनी विभागणी सदनिकांतही अशा रीतीने टिकून आहे.